माणसाची ओळख आणि संशोधकाची वही

(मढ, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे येथे परिसरातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यापुढे एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय प्रथमदर्शनी विद्यापीठाच्या व्याख्यानगृहातला वाटेल. माणसामाणसांत भेद कोणते, ते कशामुळे निर्माण होतात, एखादा समाज स्वतःला कोण समजतो आणि इतर त्याला कोण समजतात, या प्रश्नांचा शोध अभ्यासक कसा घेतात, असा हा विषय आहे. परंतु या शोधाचे फळ शेवटी ज्या कागदावर उतरते, तो कागद आपल्यापैकी अनेकांच्या हातून जातो. शाळेच्या जनरल रजिस्टरातील जातीचा रकाना, ग्रामपंचायतीतील जन्ममृत्यूची नोंद, तहसील कचेरीतून मिळणारा जमातीचा दाखला आणि त्यानंतरचे वैधता प्रमाणपत्र, या प्रत्येक टप्प्यावर कोणा एका संशोधकाच्या वहीची सावली पडलेली असते. वैद्यकीय महाविद्यालयातील एखादी जागा, एखादी नोकरी, ग्रामपंचायतीतील एखादे पद त्या सावलीत मिळते किंवा जाते. म्हणून हा विषय मढसारख्या गावी बोलण्याचा आहे, असे मला वाटते.

नावात गाव, गावात नाव

ओळख म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या तालुक्यातील गावांच्या नावांकडेच पाहा. पारगाव तर्फ मढ, हिवरे तर्फ मिन्हेर, शिरोली तर्फ कुकडनेर. नुसते पारगाव म्हटले की कोणते, असा प्रश्न उभा राहतो. म्हणून जुन्या महसुली व्यवस्थेने त्याला तर्फेची जोड दिली. सह्याद्रीच्या कड्यांपासून पूर्वेकडे उतरणाऱ्या खोऱ्यांना आपल्याकडे ‘नेर’ म्हणतात. कुकडीचे कुकडनेर, मीना नदीचे मीननेर, घोड नदीचे घोडनेर, भीमेचे भीमनेर आणि आपले हे मढनेर. जुन्नर तालुक्यातील माणूस आंबेगावच्या माणसाला भेटला की तो प्रथम खोरे विचारतो, मग गाव, मग वाडी, मग कुळ. ओळख ही अशी एकात एक बसवलेल्या मापांसारखी असते. कोणते माप बाहेर काढायचे, हे विचारणारा कोण आहे आणि कशासाठी विचारतो आहे, यावर ठरते.

दोन हजार वर्षांपूर्वीही हीच रीत होती. जुन्नरच्या परिसरातील बौद्ध लेण्यांत दात्यांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांतील शिलालेखांचा संग्रह १८८१ साली प्रसिद्ध केला, त्यात जुन्नरचे लेख आहेत. या लेखांत कोणी स्वतःला यवन म्हणवतो. तीन दात्यांच्या नावांपुढे हा शब्द आढळतो. अन्य काही लेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. एकाने आपले मूळ सांगितले, दुसऱ्याने आपला धंदा सांगितला. परंतु दान एकाच संघाला दिले. भेद होता, तो लपवला गेला नव्हता, आणि तो एकत्र येण्याच्या आडही आला नव्हता. शिलालेखांच्या अभ्यासाने दिलेला हा पहिला धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. माणूस स्वतःची ओळख स्वतःच्या तोंडाने सांगतो, तो पुरावा सर्वांत मोलाचा असतो. पुढे या पुराव्याचे महत्त्व कसे कमी झाले, ते आता पाहू.

मोजपट्टीचा मार्ग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील विद्वानांना असे वाटू लागले की, माणसाचे मूळ त्याच्या शरीरावर लिहिलेले असते. डोक्याची लांबी-रुंदी, नाकाचे प्रमाण, उंची ही मापे घेतली की कोण कोणत्या वंशाचा ते निश्चित सांगता येईल. हिंदुस्थानात सर हर्बर्ट रिस्ले यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला. १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त होते. नाकाचे माप आणि सामाजिक दर्जा यांचा थेट संबंध आहे, असा त्यांचा सिद्धान्त होता.

हा सिद्धान्त खोडून काढण्याच्या कामी महाराष्ट्रातील तीन विद्वानांचा मोठा वाटा आहे. मालवणात जन्मलेले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या जातिविषयक ग्रंथात रिस्ले यांचीच मापे पुन्हा तपासली आणि उत्तरेतील काही भाग सोडला, तर अन्यत्र तो संबंध टिकत नाही, असे दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात घुर्ये यांच्या आकडेवारीचा आधार घेऊन स्पष्ट केले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशभेद मानण्यास शरीराची मापे आधार देत नाहीत. त्याआधी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात वाचलेल्या निबंधातच त्यांनी जातीचे मूळ रक्तात न शोधता विवाहाच्या बंधनात शोधले होते.

तिसऱ्या विदुषी म्हणजे डॉ. इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेच्या विचाराचे होते. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशागणिक वेगळी असते, हे सिद्ध व्हावे अशी त्यांची अपेक्षा होती. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष आपल्या प्रबंधात मांडला. मार्गदर्शकाला न रुचणारे सत्य विद्यार्थिनीने लिहून दिले. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्यावर त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून मापे घेतली, नातेसंबंधांची नोंद केली, ओव्या आणि चालीरीती गोळा केल्या. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदू समाजविषयक ग्रंथात त्यांनी असे मत मांडले की, एकाच व्यवसायनामाखाली येणाऱ्या जाती एका मुळातून फुटलेल्या असतीलच असे नाही. सर्व कुंभार मडकी घडवतात, म्हणून त्यांना आपण एका नावाने हाक मारतो; परंतु त्यांच्यातील निरनिराळे गट आपापसांतच विवाह करणारे आणि मुळात स्वतंत्र असू शकतात. हा विचार ‘कोळी’ या शब्दाला किती लागू पडतो, ते आपण पुढे पाहणारच आहोत.

आधुनिक अनुवंशशास्त्राने मोजपट्टीच्या मार्गावर शेवटचा शब्द उच्चारला, असे म्हणता येईल. अमेरिकेतील शास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली दाखवून दिले की, मानवजातीतील एकूण आनुवंशिक विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच आढळते. एका गावातील दोन माणसांतील फरक हा बहुधा दोन खंडांतील सरासरी फरकापेक्षा मोठा असतो. रक्ताच्या तपासणीने नातेवाईक ओळखता येतात, समूहांच्या स्थलांतराचा माग काढता येतो. परंतु कोण कोणत्या जमातीचा, हे रक्त सांगत नाही. जमात हे नाते समाजाने जपलेले असते.

वर्णनाचा मार्ग

मोजपट्टीशेजारी दुसरा मार्ग चालत होता, तो वर्णनाचा. आपल्या भागाचे पहिले सविस्तर वर्णन कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या लष्करी अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात लिहिले. महादेव कोळ्यांवरील त्याच्या वृत्तांतात कुळे, देवके, विवाहाच्या रीती, नाईकांचे अधिकार या सर्वांची नोंद आहे. परंतु ही नोंद का झाली, हे विसरता कामा नये. सह्याद्रीतील उठाव मोडून काढण्याच्या मोहिमा त्या काळी चालू होत्या. ज्या समाजावर राज्य करायचे, त्याची माहिती सरकारला हवी होती. १८४८ साली ठाण्याच्या कारागृहात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच समाजाचे. अशा काळात लिहिलेल्या पानांत जिज्ञासा आहे, पण संशयही आहे. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या माहितीचा पुष्कळसा भाग उतरला आणि अधिकृत ठरला.

त्या वर्णनांतील एक तपशील विचार करायला लावणारा आहे. महादेव कोळ्यांची जी चोवीस कुळे नोंदवली गेली, त्यांत वनकपाळ, केदार, खराड यांच्याबरोबर दळवी, गायकवाड, कदम, पवार, जगताप, चव्हाण ही नावेही आहेत. म्हणजे जी आडनावे ऐकून आज आपण एखाद्याची जात मनातल्या मनात ठरवतो, ती आडनावे निरनिराळ्या समाजांत समान आहेत. आडनावावरून जात ओळखणारा कारकून आणि आडनावावरून दाखल्याविषयी शंका घेणारा अधिकारी, या दोघांनीही गॅझेटियरचे ते पान एकदा वाचावे, अशी माझी विनंती आहे.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठीय संशोधनाला वेग आला. डॉ. घुर्ये यांचा महादेव कोळ्यांवरील ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. सह्याद्रीतील ठाकरांवरील ल. ना. चापेकर यांचा ग्रंथ १९६० साली आला. आदिवासी हे हिंदू समाजाचाच मागे राहिलेला भाग आहेत, असे घुर्ये यांचे मत होते. तर त्यांचे वेगळेपण जपले पाहिजे, अशी व्हेरिअर एल्विन यांची भूमिका होती. हा वाद १९४० च्या दशकात गाजला. त्यात आज न शिरता एवढेच सांगतो की, दोन्ही बाजूंचे विद्वान आदिवासींविषयी बोलत होते, आदिवासी मात्र अद्याप त्या चर्चेत बोलत नव्हते.

ती उणीव भरून काढणारे एक नाव आपल्याच तालुक्यातील आहे. निमगिरीचे सुपुत्र डॉ. गोविंद गारे. १९३९ साली जन्मलेल्या या महादेव कोळी समाजातील अभ्यासकाने आपल्याच समाजाचा ग्रंथरूपाने परिचय करून दिला. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालकपदही त्यांनी भूषवले. ही संस्था १९६२ साली स्थापन झाली. जो समाज दीडशे वर्षे दुसऱ्यांच्या वहीतला विषय होता, त्यातील एक माणूस स्वतः वही हाती घेतो, ही घटना संशोधनाच्या इतिहासात साधी नव्हे. बाहेरचा अभ्यासक रीत पाहतो, आतला अभ्यासक त्या रीतीमागील कारण जाणतो. उलट, आतल्याला जे नेहमीचे वाटते ते बाहेरच्याच्या डोळ्यांत भरते. चांगल्या संशोधनाला दोघांचीही गरज असते.

यादी आणि तिची मर्यादा

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४२ नुसार राष्ट्रपती अनुसूचित जमाती जाहीर करतात आणि त्या यादीत बदल करण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे. पहिली यादी १९५० साली निघाली. महाराष्ट्राच्या यादीत कोळी महादेव व डोंगर कोळी, कोळी मल्हार, कोळी ढोर व टोकरे कोळी यांच्या नोंदी आहेत. किनाऱ्यावरचा सोनकोळी समाज या यादीत नाही. ‘कोळी’ हा एकच शब्द; त्याखाली डोंगरात शेती करणारे आणि हिरडा गोळा करणारे लोक आहेत, समुद्रावर मासेमारी करणारे आहेत, नदीकाठी पाणी भरणारेही होते. इरावतीबाईंनी कुंभारांविषयी जे म्हटले, ते येथे डोळ्यांसमोर उभे राहते.

यादीची व्याख्या बदलली की समाजाचे चित्र कसे बदलते, याचे एक उदाहरण देतो. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे २९.५४ लाख होती. १९८१ साली ती ५७.७२ लाख झाली. दहा वर्षांत कोणताही समाज इतका वाढत नाही. १९७६ च्या कायद्याने क्षेत्रबंधन उठवण्यात आले होते. त्यापूर्वी अनेक जमातींना विशिष्ट तालुक्यांतच जमात म्हणून मान्यता होती. मढचा माणूस मान्यताप्राप्त क्षेत्राबाहेर राहायला गेला की कागदावर तो आदिवासी राहत नसे. हे बंधन उठले, हा न्याय झाला. परंतु त्याबरोबर नामसाधर्म्याचा लाभ घेऊन यादीत शिरण्याचे प्रयत्नही झाले. खऱ्या आदिवासी मुलाची जागा दुसऱ्याने घ्यावी, हा अन्याय लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाख १० हजार २१३, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ९.३५ टक्के होती. एवढ्या लोकांच्या हक्कांचे रक्षण करायचे, तर पडताळणी आवश्यकच आहे. प्रश्न एवढाच की, ती कशाच्या आधारे करायची?

वही कसोटी बनते तेव्हा

२ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महादेव कोळी दाखल्याच्याच एका प्रकरणात सर्व देशाला लागू पडणारी कार्यपद्धती घालून दिली. छाननी समित्या नेमाव्यात, जमातींच्या बाबतीत समितीवर त्या विषयाचा जाणकार संशोधन अधिकारी असावा, दक्षता पथकाने गावी आणि शाळेत जाऊन चौकशी करावी, दैवते, विधी, विवाहपद्धती, अंत्यसंस्कार यांची माहिती तपासावी, असे त्यात सांगितले आहे. राज्याने यासाठी स्वतंत्र कायदा केला. तो सन २००१ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ होय. या कायद्याप्रमाणे आपला दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे.

रीतिरिवाजांच्या या तपासणीला आपण आप्तभाव चाचणी म्हणतो. आता तिचे अंतरंग पाहा. एखादा अभ्यासक साठ-सत्तर वर्षांपूर्वी एखाद्या खोऱ्यात आला, चार-दोन गावांत राहिला, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलला आणि पाहिले-ऐकले ते त्याने लिहून ठेवले. त्याच्या दृष्टीने ते त्या काळाचे चित्र होते. पुढे त्याच्या ग्रंथाचा प्रश्नसंच झाला. ज्या आजोबांनी अभ्यासकाला माहिती दिली, त्यांचा नातू कदाचित मुंबईत वाढला असेल. जुन्नर, आंबेगाव, अकोले भागातील कितीतरी कुटुंबे पोटासाठी मुंबईला गेली आहेत. कोणाची वाडी डिंभे किंवा पिंपळगाव जोगे जलाशयामुळे हलली असेल. घरचे लग्न आता मंगल कार्यालयात होते, पत्रिका छापल्या जातात, वाजंत्रीऐवजी बँड येतो. अशा मुलाला कुलदैवताच्या पूजेचा जुना तपशील विचारला आणि तो अडखळला, तर दोष कोणाचा? उलट, ज्याने ग्रंथ पाठ केला आहे तो सर्व उत्तरे बिनचूक देईल. म्हणजे कसोटी चुकीच्या दिशेनेही फळ देऊ शकते. पाठांतर करणारा पुढे जातो आणि जगणारा मागे राहतो.

ही अडचण न्यायालयाच्याही लक्षात आली. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केले की, आप्तभाव चाचणी ही एकमेव निर्णायक कसोटी मानता येणार नाही. स्थलांतर आणि आधुनिक राहणी यांमुळे जुनी वैशिष्ट्ये पुसट होतात. स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदपत्रे आणि पित्याकडील रक्ताच्या नातेवाइकांना यापूर्वी रीतसर मिळालेली वैधता यांचा योग्य विचार झाला पाहिजे. दुसऱ्या बाजूला, खोट्या दाखल्यावर मिळवलेला लाभ टिकू नये, हेही न्यायालयाने ६ जुलै २०१७ च्या निकालात तितक्याच ठामपणे सांगितले आहे. दोन्ही निकाल एकत्र वाचले, तर त्यांचे सार हेच निघते की, खोट्याला आश्रय नको आणि खऱ्याची अडवणूक नको.

येथे संशोधनाचे खरे कार्य काय, याचा उलगडा होतो. संशोधन हे समाजाचे छायाचित्र आहे, साचा नव्हे. छायाचित्रातील मुलगा आता म्हातारा झाला, म्हणून तो दुसरा माणूस ठरत नाही. मराठीच्या बोलींचा अभ्यास करणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेतले, त्यात प्रत्यक्ष बोलणाऱ्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आहेत. शब्द गावागणिक आणि पिढीगणिक बदलतात, हे त्या आवाजांतून ऐकू येते. बोली बदलली म्हणून बोलणारा परका होत नाही. मग रीत बदलली म्हणून माणूस परका कसा होईल?

आपल्या हाती काय आहे?

आता व्यवहाराचे बोलू. न्यायालयाने कागदपत्रांना महत्त्व दिले, म्हणजे जबाबदारी कागद लिहिणाऱ्या आणि जपणाऱ्या हातांवर आली. ते हात आपले आहेत.

प्रथम शिक्षकांविषयी. जुन्या जनरल रजिस्टरांत पुष्कळ ठिकाणी नुसते ‘कोळी’ किंवा ‘हिंदू कोळी’ असे लिहिलेले आढळते. लिहिणाऱ्या गुरुजींच्या मनात काही वावगे नव्हते. गावात जो शब्द बोलला जाई, तो त्यांनी उतरवला. पण त्या एका शब्दाने त्या मुलाच्या नातवंडांना समितीपुढे वर्षानुवर्षे उभे राहावे लागते. म्हणून प्रवेशाच्या वेळी जातीचा रकाना भरताना पालकांना कागदपत्रे आणण्यास सांगावे, यादीतील नाव जसे आहे तसे लिहावे आणि अदमासाने काहीही लिहू नये. जुन्या नोंदीत स्वतःच्या अधिकारात खाडाखोड तर मुळीच करू नये. सहानुभूतीने केलेली दुरुस्तीही शाईतील फरकामुळे संशयाचे कारण होते आणि खऱ्या दाव्याचाही घात करते. दुरुस्ती विहित पद्धतीनेच झाली पाहिजे. फाटू लागलेली रजिस्टरे कोरड्या जागी ठेवणे आणि वरिष्ठांच्या अनुमतीने त्यांच्या प्रती काढून घेणे, हे काम एखाद्या नव्या वर्गखोलीइतकेच महत्त्वाचे आहे.

दुसरे ग्रामपंचायत सदस्य आणि महसूल कर्मचारी. जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, हा स्वातंत्र्यपूर्व काळातील मोठा पुरावा आहे. १९५० पूर्वीच्या या वह्या तहसील कचेरीत असतात. आपल्या गावाच्या कोणत्या वर्षांच्या वह्या उपलब्ध आहेत, याची यादी ग्रामपंचायतीने मागवून फलकावर लावावी. ज्या कुटुंबाला आपल्या आजोबांची नोंद कोठे शोधायची हे ठाऊक आहे, त्याला मध्यस्थाची पायरी चढावी लागत नाही. कुटुंबांनीही वंशावळ वेळीच लिहून ठेवावी. जाणती माणसे हयात आहेत, तोवरच हे काम सोपे आहे.

तिसरे, चौकशीसाठी येणाऱ्या अधिकाऱ्यांविषयी. ते आपले सहकारी आहेत आणि त्यांचे काम कठीण आहे. त्यांच्यापुढे बसलेला तरुण हा आरोपी नसतो, अर्जदार असतो, हे भान प्रश्नाच्या स्वरात उमटले पाहिजे. उत्तर आले नाही, तर का आले नाही, तेही अहवालात लिहिले पाहिजे. ‘माहिती नाही’ आणि ‘कुटुंब दोन पिढ्या मुंबईत, म्हणून माहिती नाही’ या दोन वाक्यांत एका आयुष्याचे अंतर असते.

चौथे, गावात येणाऱ्या संशोधकांविषयी. विद्यापीठांतील विद्यार्थी आपल्या खोऱ्यांत येतात आणि पुढेही येतील. त्यांचे स्वागत करावे. परंतु माहिती कशासाठी घेत आहात, ती कोठे छापली जाईल, माणसाचे नाव त्यात येईल काय, हे विचारण्याचा गावाला हक्क आहे. अभ्यास पूर्ण झाल्यावर त्याची मराठी प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्यावी, अशी अटही घालता येईल. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना ते वाचता आले पाहिजे. चूक असेल तर ती दाखवता आली पाहिजे. शाळेतील मुलांनाही आपापल्या वाडीतील शब्द, कुळांची नावे, शेतांची नावे, सणांची पद्धत वहीत उतरवण्यास सांगावे. डॉ. गारे यांच्या तालुक्यातील मुलांना हे सांगावे लागू नये.

आणखी एक काम समोर आहे. आगामी जनगणनेत जातींचीही गणना करण्याचा निर्णय केंद्र शासनाने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. सर्व जातींची तपशीलवार आकडेवारी यापूर्वीच्या जनगणनांत १९३१ साली शेवटची प्रसिद्ध झाली होती. दारोदार जाऊन विचारण्याचे काम बहुतांशी शिक्षकांकडेच येते. रिस्ले यांचे माणूस मोजपट्टी घेऊन जात. आपण प्रश्नावली घेऊन जाणार आहोत. फरक असा की, उत्तर देण्याचा अधिकार घरच्या माणसाचा आहे. त्याने जे सांगितले तेच लिहावे. आडनाव ऐकून, घर पाहून किंवा शेजाऱ्याला विचारून रकाना भरू नये.

बंधुभगिनींनो, संशोधनाने माणसामाणसांतील भेद निर्माण केले नाहीत. ते पूर्वीपासून होतेच. पण संशोधनाने ते कागदावर आणले, आणि कागदावर आलेली गोष्ट सत्ता बनते. या सत्तेचा उपयोग हक्क देण्यासाठी होतो, तसा हक्क नाकारण्यासाठीही होतो. मोजपट्टीने जे साधले नाही, ते वर्णनाने काही अंशी साधले. वर्णनाने जे अपुरे ठेवले, ते माणसाच्या स्वतःच्या शब्दाने आणि प्रामाणिकपणे जपलेल्या नोंदीने पुरे होईल. त्यासाठी मोठ्या विद्वत्तेची आवश्यकता नाही. स्वच्छ अक्षर, कोरडे कपाट आणि समोरच्याचे पूर्ण ऐकून घेण्याची सवय एवढ्यावर ते भागते. मढनेरातील एकाही मुलाचा दाखला आपल्या कार्यालयातील निष्काळजीपणामुळे अडणार नाही, एवढे आपण ठरवले, तरी आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.